ताई, तू तेव्हा कधी जेवायचीस?

प्रिय ताई,

तब्येत कशी आहे हे विचारत नाही. तुझी श्वेता रोज हॉस्पिटलातून निघताना मला तुझं सगळं सांगते. तू मात्र काही सांगत नाहीस. फोन केला की तुझा पहिला प्रश्न ठरलेला, ‘जेवलंस काय रे?’ पोटात पाणी साठलेलं, हाताला सुया टोचलेल्या, आणि चौकशी कशाची, तर माझ्या जेवणाची. पुढे मी मुद्द्याचं काही बोलायला गेलो की तुला नेमकी झोप येते. तोंडावर तर तुझ्यापुढे माझं आजवर कधी चाललेलं नाही. म्हणून हे पत्र. तुझ्या त्या लेकीला बजावून सांगितलंय, तिनं ते वाचून दाखवायचं नाही. तू स्वतः चष्मा लावून वाचायचंस.

तर जेवणापासूनच सुरुवात करतो. दिवाळीनंतर माझ्या तपासण्या झाल्या. रक्तगट जुळला, बाकीचंही सगळं जुळलं आणि घोडं अडलं ते माझ्या पोटापाशी. डॉक्टर म्हणाले, तुमच्या लिव्हरवर चरबी आहे, असल्या लिव्हरचा तुकडा तुमच्या बहिणीला लावता येणार नाही. आधी वजन उतरवा. मी विचारलं, वेळ किती आहे माझ्याकडे? ते म्हणाले, तुमच्या बहिणीकडे आहे तेवढाच. ताई, माझ्या पोटावरून मी जन्मभर चेष्टा ऐकली, मीही हसलो. पण त्या पोटापायी तुझा जीव टांगणीला लागेल असं मनातसुद्धा आलं नव्हतं. तुला आम्ही सांगितलं की सहदेवला शुगर निघाली म्हणून तो डाएट करतोय. परवा श्वेता बोलून गेली आणि तुला खरं काय ते कळलं. आता चिडू नकोस, तुला सांगितलं असतं तर तू मला पहिल्याच दिवशी वडेसागोती पाठवली असतीस.

डाएट म्हणजे काय हे आपल्या माणसांना कळतच नाही गं. कमी खायचं म्हटलं की आपल्याला एकच गोष्ट ठाऊक, उपास. माधुरीनं डॉक्टरांचं बोलणं मनावर घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून मला कडकडीत उपास सुरू केला. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी वरीचा भात आणि वर दाण्याची आमटी, संध्याकाळी तुपावर परतलेले रताळ्याचे काप. भात नाही, चपाती नाही, मासळी तर नाहीच. मला वाटलं, हे तर झकास जमतंय, लोक उगाच रडतात. आठवड्यानं हॉस्पिटलच्या डाएटवाल्या बाईंसमोर काट्यावर उभा राहिलो तर वजन वाढलेलं! बाईंनी काय काय खाल्लं ते विचारलं, मी अभिमानानं सांगितलं. त्या बिचाऱ्या हसू दाबत म्हणाल्या, ‘काका, हा उपास देवाला पोचला असेल, तुमच्या लिव्हरला नाही पोचला.’ आम्ही दोघं बाहेर आलो. माधुरी रडायलाच लागली, आठवडा फुकट गेला म्हणून. मी तिला समजावत होतो खरा, पण हिशेब मलाही कळत होता. तुझा एक आठवडा आम्ही खिचडीत घालवला होता.

मग खरं डाएट सुरू झालं आणि माझी वाट लागली. उकडलेली भाजी, मूठभर मूग, काकडी, ताक. तुला माझं काम माहीत आहे. दिवसभर मरोळच्या रस्त्यांवर गाडी शिकणाऱ्यांच्या शेजारी बसायचं, पायाखाली ब्रेक आणि जीव मुठीत. पूर्वी गाडी बाजूला लावायचा धडा मी कायम वडापाववाल्याच्या समोरच द्यायचो, त्यामुळे माझी पोरं पार्किंगमध्ये कधी नापास झाली नाहीत. आता त्याच गल्लीतून काचा वर करून जायचो. तरी तळलेल्या मिरचीचा वास यायचाच. आणि राग! ताई, भुकेला एवढा राग असतो हे मला या वयात कळलं. सिग्नलवर, पावतीवर, पंख्याच्या आवाजावर, कशावरही मी भडकायचो. सपना म्हणून एक मुलगी शिकायला येते, बँकेत आहे. तिनं चढावर गाडी बंद पाडली, मी एवढा ओरडलो की बाजूचा रिक्षावाला वळून बघायला लागला. तिनं शांतपणे हँडब्रेक ओढला आणि म्हणाली, ‘सर, तुम्ही आधी काहीतरी खा ना यार, मग ओरडा.’ मग मी तिला सगळं सांगितलं, का कुणास ठाऊक. दुसऱ्या दिवसापासून ती पोरगी माझ्यासाठी डब्यातून गाजराचे तुकडे आणायला लागली. तिच्या हातून गाडी अजून चढावर बंद पडते, पण मी आता ओरडत नाही.

हळूहळू भुकेशी माझी ओळख झाली. ती आली की वाटतं आता जीव जाणार. पण चढावर अर्ध्या क्लचवर गाडी धरतो ना, तशी तिला थोडा वेळ धरून ठेवली की ती आपणहून उतरते. त्या वेळात काय करायचं हे मी शिकलो. एक तांब्याभर पाणी सावकाश प्यायचं. तोंडात बडीशेप टाकायची. कुणाशी बोलायचं नाही, कारण तोंडातून वाकडंच निघतं. घास खूप वेळ चावायचा. संध्याकाळी लवकर अंथरुणाला पाठ लावायची, झोपेत भूक लागत नाही. आणि नाक इतकं तीक्ष्ण होतं की बोरिवलीच्या आमच्या जिन्यात पाय ठेवल्याबरोबर कुठल्या मजल्यावर बांगडे तळतायत ते मी सांगू लागलो. माधुरीला मोठी गंमत वाटायची.

अशाच एका संध्याकाळी घरी आलो. माझ्या पोरीवर कशावरून तरी उगाच तणतणलो आणि स्वयंपाकघरात जाऊन कट्ट्याला हात टेकून, डोळे मिटून पाणी प्यायला लागलो. आणि तसाच थांबलो. कारण असं उभं राहिलेलं माणूस मी पाहिलं होतं. वाकोल्याच्या खोलीत, मोरीच्या बाजूला, एक हात भिंतीला लावून, डोळे मिटून सावकाश पाणी पिणारी. तू.

मग एकेक आठवायला लागलं. आई गेली आणि बाबांनी मला तुझ्याकडे पाठवलं तेव्हा मी आठवीत होतो, तुझं लग्न होऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. वर्षभरातच भावोजींच्या कारखान्याला टाळं लागलं आणि ते मिळेल ते काम करत फिरायला लागले. मला त्या दिवसांतलं आठवतं ते काय, तर उकड्या तांदळाचा भात, कुळथाची पिठी आणि माझ्या पानात तू न विचारता घातलेला दुसरा डाव. आपल्याकडची रीतच, आधी पुरुषमाणसं आणि पोरं, मग घरातली बाई. आम्ही उठायचो, तू नंतर टोप घेऊन एकटी बसायचीस, आमच्याकडे पाठ करून. कधी मी म्हटलंच की ये ना, जेव आमच्याबरोबर, तर तू म्हणायचीस, ‘माका भूक नाय रे, चाखून चाखून पोट भरला.’ पिठी किती चाखणार गं माणूस? दारात उभी राहून तू सांगायचीस, आज अमक्याकडे सुक्या बोंबलाची चटणी, तमक्याकडे मटण. मी तुझ्या नाकाचं कौतुक करायचो. संध्याकाळी तू भांड्यांवर राग काढायचीस, मला वाटायचं ताई स्वभावानं तापट आहे. रात्री मी अभ्यासाला बसायचो आणि तू सगळ्यांच्या आधी आडवी व्हायचीस. शेजारणी हसायच्या, नवी नवरी आळशी आहे म्हणून.

तुझ्या पदराला कायम बडीशेप बांधलेली असायची ना? मला वाटायचं, तुला आवडते.

मी भावोजींना विचारलं. जोगेश्वरीला तुमच्या घरी गेलो, ते गॅलरीत बसले होते. आधी नुसतं चष्म्याची काच पुसत राहिले. मग म्हणाले, ‘माका पण उशिरा कळला रे. मगे तिना शपथ घातल्यान, सहदेवाक सांगू नको, तो जेवचो नाय.’ एवढं बोलून ते आत गेले.

ताई, मी माफी मागायला लिहीत नाहीये. वाढत्या वयाचा पोरगा होतो, पुढ्यात आलेलं खात होतो, त्यात माझा दोष नाही आणि तुझा तर नाहीच नाही. मला फक्त आभार मानायचेत, आणि ते नीट, कळून मानायचेत. याआधी मी भाऊबीजेला पाया पडताना मानलेले आभार म्हणजे निव्वळ तोंडदेखले होते, कारण कशाबद्दल मानतोय हेच माहीत नव्हतं. आता माहीत आहे. मी थोडेच महिने अर्धपोटी राहिलो, तेही एसी लावलेल्या गाडीत बसून, बायको विचारपूस करते, डॉक्टर पाठ थोपटतात. तू वर्षानुवर्षं राहिलीस, कुणाला कळू न देता, आणि वर मला हसून वाढलंस. माझी उंची, माझी हाडं, दहावीच्या परीक्षेला बसलेलं डोकं, हे सगळं त्या दुसऱ्या डावातून आलंय. मी फार भाग्याचा माणूस आहे. भूक लागली की आता मला चीड येत नाही, तुझी आठवण येते, आणि पुढचा तास निघतो.

आता बातमी. काल पुन्हा तपासणी झाली. चरबी उतरली आहे, लिव्हर स्वच्छ आहे, चालेल. डॉक्टरांनी मला फोटो दाखवला, मला त्यातलं काही कळलं नाही, पण त्यांचा चेहरा कळला. मी आणि माधुरी बाहेर येऊन बाकावर बसलो. कापलेलं लिव्हर पुन्हा वाढतं म्हणे, माझंही आणि तुला लावलेलंही. तेवढ्यात श्वेताचा फोन आला, की आईनं डॉक्टरांना सांगितलंय, भावाचं घेणार नाही. त्याची पोरगी दहावीला आहे, त्याला काही झालं तर? आणि म्हणे, माझं काय, माझं झालं सगळं, माका काय नको.

हे पत्र लिहिलं ते एवढ्यासाठी. उद्या सकाळी डॉक्टर पुन्हा विचारायला येतील. तुझं हे ‘माका नको’ मी लहानपणी खरं मानलं, कारण मला काही कळत नव्हतं. आता कळतं, तेव्हा मी ते मानणार नाही. त्या खोलीत माझं पान मांडलेलं असायचं तेव्हा तू कधी विचारलं नाहीस, वाढू का म्हणून. सरळ वाढायचीस. मीही तुला विचारलं नसतं. पण कागदावर सही तुझी लागते.

तुझ्या हातचं जेवून वाढलेला, तुझाच,
सहदेव