चंद्रकोर आणि खाली टिंब

३ मार्च १८८७

पोचले बाई एकदाची! चार दिवस खेचरगाडीत आपटून हाडं खिळखिळी झाली, पण दारात तोमासा दिसली आणि सगळं विसरले. सात वर्षांची झाली माझी नात. पुढचे दोन दात पडलेत, मानेवर तीळ आहे तसाच. आई नाही पोरीला, म्हणून तर एलिसेओने मला नदीकाठच्या घरातून इकडे आणलं. माझा लेक आता दुकानदार! पुढे दुकान, मागे घर, त्याच्या मागे कुरण आणि गुरं. सगळं त्याने म्हाताऱ्या तेओफिलो उर्राबासोकडून घेतलं. म्हाताऱ्याने कागदावर सही केली आणि दुसऱ्याच सकाळी गल्ल्यापाशी बसल्या बसल्या गेला. चांगलं मरण. माझ्या बहिणीचा नवरा असाच गेला होता, पण तो चोरीच्या मक्यावर बसून, ते जाऊ दे.

ही वहीसुद्धा त्या म्हाताऱ्याचीच. गुरांवर मारलेल्या छापांची, एका ओळीत एक जनावर. अर्धी कोरी होती. एलिसेओ म्हणाला, आई, तुझ्या बडबडीने गिऱ्हाइकं पळतील, ती ह्यात उतरव. घ्या! पाद्र्याच्या बहिणीने चाळिशीत शिकवलेली माझी वाकडी अक्षरं, आणि आता वही लिहायची.

७ मार्च

आज फार हसलो. दुकानात पिठाच्या पोत्यांवर म्हाताऱ्याची डागणी टांगलेली आहे. चंद्रकोर, खाली टिंब. प्रत्येक गाईच्या मांडीवर तीच खूण. तोमासा हटून बसली, आजी मलापण, मलापण. मग गार लोखंडाला चुलीची काजळी फासली आणि तिच्या डाव्या मनगटावर दाबली. बाई काय खुश! वहीत लिही म्हणाली. लिहिलं. म्हाताऱ्याच्या शेवटच्या गाईखाली, त्याच्याच रकान्यांत: एक मुलगी, गव्हाळ, मानेवर तीळ, नवी छाप.

क्रेसेन्सिओ दारात उभा होता. सत्तरीचा आहे, इथला जुना गुराखी. एरवी मला चिडवतो, दोन्या पेत्रा, तुमच्या रोट्यांनी घोड्याला नाल ठोकता येईल म्हणून. आज हसला नाही. म्हणाला, ते पुसा. मी म्हटलं, तुझं तोंड पूस आधी, मिशीत घुगऱ्या अडकल्यात.

९ मार्च

काजळी निघत नाही. साबण झाला, राख झाली, चरबी झाली.

तांबडी गाय सकाळपासून गुरांच्या वाड्यात एकटी उभी होती. चरेना. माशा डोळ्यांत बसल्या तरी पापणी हलेना. दुपारी गेले तर नाही. फाटक आतून अडसर लावलेलं.

वहीत तिच्या ओळीसमोर शेवटच्या रकान्यात लिहिलंय, परत घेतली. बारीक, तिरकं अक्षर. म्हाताऱ्याचं. मला वाटलं एलिसेओनेच केलं. तो म्हणाला, आई, मी ती वही उघडलेली नाही.

१२ मार्च

आणखी तीन गेल्या. रोज एक, वरून खाली, ओळीने.

क्रेसेन्सिओला धरून बसवलं. तो म्हणाला ते असं. गुरं विकली की विकणाऱ्याने आपल्याच हाताने दुसरा डाग द्यायचा असतो, सोडल्याचा डाग. तो नसेल तर कितीही सह्या करा, जनावर जुन्या मालकाचंच. आपल्याकडे हे शेंबडं पोरही जाणतं. एलिसेओलाही ठाऊक होतं. पण गाई व्यायला टेकल्या होत्या, पुन्हा डागल्या तर गाभ जातील म्हणून त्याने म्हाताऱ्याला आठवडाभर थांबायला सांगितलं. म्हातारा एक रात्र थांबला.

मग मी विचारलं, आणि तोमासा? त्याने टोपी काढून हातात धरली. म्हणाला, तिच्यावरही छाप म्हाताऱ्याचीच.

तिच्या ओळीच्या वर पाच गाई.

१३ मार्च

पान फाडलं, चुलीत घातलं. सकाळी वहीत होतं. माझ्या वाकड्या अक्षरांसकट.

चार.

१४ मार्च

तोमासाच्या पावलात निवडुंगाचा काटा, बोटभर आत. तशीच चालत होती. मी उपटला, रक्त आलं, ती बघत राहिली. म्हणाली, कुणाचा पाय आहे आजी? आधी मनगट बधिर झालं, मग हात, आता पाय. हसत नाही. दात पडलेल्या जागेत जीभ घालत नाही.

तीन.

१५ मार्च

इथून लांब न्यावं म्हणून एलिसेओ तिला गाडीत घालून लारेदो शहराला निघाला. दुपारी परतला, रिकामा, रडत. ओढ्यापाशी मागे वळून पाहिलं तर पोर नव्हती, म्हणाला. ती वाड्यात सापडली. गाईंमध्ये उभी. त्यांच्यासारखीच.

मी रडले नाही. रडू येत नाही. बीन्स निवडले, पुन्हा त्याच खड्यांत ओतले, पुन्हा निवडले.

दोन.

१६ मार्च

एक.

वही पहिल्या पानापासून वाचली. बोट ठेवून, एकेक अक्षर. चाळीस वर्षांची गुरं. म्हातारा मोजूनमापून वागणारा, पण एक सवय — बदली. कुणी म्हणावं, माझा लंगडा बैल न्या, घोडी द्या. म्हातारी घोडी न्या, वासरू द्या. म्हाताऱ्याने एकदाही नाही म्हटलेलं नाही. डोक्याला डोकं मिळालं की झालं. वय बघत नाही.

१७ मार्च, सकाळ

शेवटची गाय गेली. आता तिची ओळ.

तोमासा चुलीपाशी बसलीय. बसवली तशी.

डागणी आणली. काजळी फासली. माझ्या डाव्या मनगटावर, नीट दाबून. एलिसेओला दुकानात धाडलंय, मीठ मोज म्हटलं.

तिच्या ओळीसमोर लिहिते — बदली. एक म्हातारी, सावळी, केस पांढरे, डाव्या पायाने लंगडी, नवी छाप —

मनगट गार. बोटं आहेत, दिसतात. खांदा —

ओरडली! तोमासा ओरडली! आजी भाजलं, भाजलं, हात तव्याला लागला म्हणते, रडतेय, नाचतेय, नाक वाहतंय — रड ग बाई, रड, मोठ्याने — किती गोड रडते माझी —

लेखणी कुठल्या हातात आहे कळत नाही. शेवटच्या रकान्यात शाई आपोआप उमटतेय. बारीक, तिरकी. पर