वायर मोकळी होईपर्यंत

आई, तू गेल्यावर इतक्या वर्षांनी तुझा आवाज ऐकला, आपल्याच सोलापुरात, माझ्या घराच्या पुढच्या खोलीत. मावशी मोहोळहून आली होती. येताना तिनं एक कॅसेट आणली. जयंतीच्या आदल्या संध्याकाळी विहारासमोरच्या मांडवात तुम्ही दोघी बहिणी गायला होतात, ते कुणीतरी टेप करून ठेवलं होतं, आणि मावशीनं ती कॅसेट इतकी वर्षं पेटीत, साड्यांच्या घडीत जपली होती. माझ्या हातात देत म्हणाली, "माझ्याकडं वाजवायला काय न्हाय बाई. तुझ्या नवऱ्याकडं मोठं मशीन हाय की, तितं लाव." मी कॅसेट हातात धरून नुसती उभी. तुझा एक फोटो आहे आमच्याकडं, तोही घोळक्यातला. आवाज कुठं असेल असं कधी मनातही आलं नव्हतं.

तुझा जावई तू पाहिला नाहीस. चिंचोळीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. हळू बोलणारा माणूस, आणि गाणी ऐकायचा भारी नाद. अँप्लिफायर, उंच स्पीकर, जुना टेपडेक, सगळं एकेक करून जमवलेलं. मावशी आली त्याच आठवड्यात त्यानं स्पीकरच्या नव्या वायरी आणल्या होत्या, बोटाएवढ्या जाड, वरून कापडी वीण. अशा भारी वायरी लावल्या लावल्या चांगल्या वाजत नाहीत म्हणे. सुरुवातीला आवाज कोरडा येतो, कानाला टोचतो. बरेच दिवस त्यांतून गाणं वाहू द्यायचं, मग त्या मोकळ्या होतात. त्याचे हौशी मित्र हे अगदी मनापासून मानतात. काही लोक हसतातही. हा हसणाऱ्यांतला नाही.

तरी त्यानं मावशीसाठी कॅसेट लावली. आधी खरखर, मग ढोलकी, मग तू. मावशी मान वाकडी करून ऐकत होती. मधल्या कडव्यात गाणं एकदम थांबतं. टेपवरची मावशी हळू आवाजात काहीतरी बोलते, आणि तू खळखळून हसतेस. अख्खा मांडव हसतो. मग तू खाकरून पुन्हा सुरू करतेस. मी तुला इतकं मोकळं हसताना कधी पाहिलं नव्हतं गं. घरी तू दमलेली असायचीस. भाकरी थापताना गुणगुणायचीस, आणि मी मध्येच बोलले की पिठाच्या हातानं गप्प बसवायचीस, "जरा दम धर की, ओळ तरी पुरी होऊ दे."

मी मावशीला विचारलं, "काय बोललीस तू तिला?"

मावशीनं तोंडाला पदर लावला. तिचं हसू आवरेना. मग डोळे पुसून म्हणाली, "पण आवाज असा नव्हता तुझ्या आईचा. ह्यो लई बारीक येतोय. तिचा भरल्या घागरीवानी होता."

तुझा जावई खजील झाला. "मावशी, वायर नवीन आहे. अजून मोकळी झालेली नाही."

"वायर काय चप्पल हाय व्हय, घालून घालून सैल व्हायला?"

तो हसला, पण आपलं सोडलं नाही. म्हणाला, कॅसेट जुनी आहे, दर वेळी वाजवली की थोडी झिजणार. वायरी तयार होऊ देत, मग एकदाच नीट लावू आणि कॉम्प्युटरवर उतरवून घेऊ. मावशीलाही ते पटलं. जाताना मी पुन्हा विचारलं तर म्हणाली, "आत्ता न्हाय सांगत. नीट वाजू दे, तवा दोघी बसून ऐकू, मग सांगते." तिलाही ती मजा पुरवून खायची होती. आम्हा तिघांनाही वाटलं, घाई कसली आहे?

मग आमच्या घरात दिवसभर गाणी. आम्ही दोघं कामावर गेलो तरी बंद घरात बारीक आवाजात चालूच. शेजारीण विचारायची, घरी कोण असतं हो दुपारी? मीही संध्याकाळी चहा घेऊन तिथं बसायला लागले. खरंच फरक पडतोय असं वाटायचं. मावशीला फोन केला की ती आधी तेच विचारायची, "झाली का गं तुमची वायर सैल?" आणि मी म्हणायचे, थोडं थांब.

एके सकाळी तिच्या सुनेचा फोन आला. मावशीची एक बाजू गेली होती आणि वाचाही. आम्ही मोहोळला पोचलो तेव्हा ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. तुझ्या जावयानं निघण्यापूर्वी घाईघाईनं कॅसेट मोबाईलवर भरून घेतली होती. मी मोबाईल तिच्या कानाशी धरला. डोळे मिटून ऐकत राहिली. ते हसू आलं तशी तिनं माझं मनगट धरलं आणि तिचे ओठ हलायला लागले. सांगत होती ती, आई. तेच सांगत होती.

मला शाळेत असतानाची ती दुपार आठवली, तुम्ही दोघी बहिणी कामाला होतात त्या चादरीच्या कारखान्यात तुझा डबा घेऊन आले होते ती. मागांच्या खडखडाटात मी ओरडून ओरडून बोलत होते, आणि तू पलीकडच्या मागावरच्या मावशीशी नुसते ओठ हलवून गप्पा मारत होतीस. बाहेर आल्यावर म्हणालीस, "आत वरडून काय व्हतंय? तोंडाकडं बघायचं." मी मावशीच्या तोंडाकडं बघितलं. कितीतरी वेळ बघत राहिले. अर्धे ओठ हलत होते, अर्धे नव्हते. तू असतीस तर तुला कळलं असतं. मला एक शब्द लागला नाही. मी मान हलवून हसले, कळल्यासारखं. तिनं मनगट सोडलं आणि तोंड फिरवलं. तिलाही समजलं असणार.

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही.

परवाच्या रविवारी तुझ्या जावयानं कॅसेट पुन्हा लावली. वायरी आता मोकळ्या झाल्यात, म्हणाला. आवाज खरंच भरून आला होता. ढोलकी पोटात वाजत होती आणि तू अगदी समोर बसून गात होतीस. त्यानं माझ्याकडं बघून विचारलं, "हाच ना आईंचा आवाज?" चेहऱ्यावर इतकी आशा होती. मावशी गेल्यापासून तो स्वतःलाच बोल लावतोय. मी म्हणाले, "हाच."

हे लिहून झालं की फाडून टाकीन, त्याच्या हाती लागायला नको. तुझे शब्द मला आठवतात, रागावणं आठवतं, हात आठवतात. आवाज कधी निसटला ते कळलंच नाही. खरंच वायर मोकळी झाली, की नुसता माझा कान सरावला, हे ठरवणारं माणूस मोहोळला होतं. मी "हाच" म्हणाले, कारण दुसरा कुठला मला आठवत नव्हता.