पुडीवरचा काळा दोरा

आबा,

तुमचं काळ्या दोऱ्याचं रीळ गल्ल्याखालच्या खणात होतं, अगदी तुम्ही ठेवलं होतं तिथंच. तुम्ही गेल्यापासूनच्या बावीस वर्षांत मी ते फेकलं नाही आणि कुणाला फेकूही दिलं नाही. आता वाटतं, फेकलं असतं तर बरं झालं असतं. आत्ता भर दुपार आहे, पिंपळनेरच्या रस्त्यावर चिटपाखरू नाही, दुकानात मी एकटाच आहे. उद्या बाजार. त्याआधी तुम्हाला हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

उंदराच्या औषधाच्या वड्या तुम्ही सुट्या विकायचे. दोन वड्या जुन्या वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधायच्या, वर काळा दोरा गुंडाळायचा आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत तीन गाठी मारायच्या. प्रत्येक गाठीला एकच वाक्य, "पोरंसना हातमां देऊ नको." समोर कितीही गर्दी असली तरी तीनदा. मला त्याचा कंटाळा यायचा. मी आठ-नऊ वर्षांचा असताना एकदा गंमत म्हणून लिमलेटच्या गोळ्यांच्या पुडीला तोच दोरा बांधून बरणीशेजारी ठेवला होता. तुम्ही मला आयुष्यात एकदाच मारलंत, ते त्या दिवशी. गाल चोळत मी विचारलं, एवढं काय झालं, विषाची पाटी तर लावलीय ना भिंतीवर. तुम्ही हातातला तराजू खाली ठेवलात आणि अगदी हळू बोललात, "पाटी वाचता येस त्यासनासाठे पाटी. ज्यासले येत नई त्यासनासाठे दोरा. दोरा खोटा पडना ते मानसं मरतीन." मग मला त्याच गोळ्यांतली एक दिलीत. ती मी रडत रडत खाल्ली.

हे सगळं मला पाठ होतं, आबा. विसरलो होतो असं म्हणायची सोय नाही.

यंदा उन्हाळ्यात बिस्किटांच्या कंपनीनं आम्हा दुकानदारांना धुळ्याला बोलावलं होतं. हॉटेलातला थंडगार हॉल, पनीरची भाजी, आणि आमच्या निम्म्या वयाचा एक हुशार माणूस. तो सांगत होता की माल फळीवर मुका बसून राहिला तर कोण विचारणार, मालानं स्वतः बोललं पाहिजे. गल्ल्याजवळ टांगा, डोळ्यांसमोर येईल असं टांगा, फुकट काय आहे ते आधी दिसू द्या. मला ते मनापासून पटलं. परतीच्या एसटीत मी डोक्यात अख्खं दुकान नव्यानं मांडून काढलं. तुम्ही तीस वर्षं एका जागेवरून बरणी हलवली नव्हती, म्हणून तुम्हाला थोडं हसलोही.

बिस्किटाच्या पुड्याला वर्तमानपत्रात बांधलेली चिक्कीची छोटी पुडी फुकट जोडून मी गल्ल्याच्या वर माळ लावली. चिकटपट्टी उन्हानं सुटायची आणि पुड्या टपाटप खाली पडायच्या. मी खण उघडला, तुमचं रीळ काढलं. हात क्षणभर थांबला, हे खरं. मग म्हटलं, आता कोण लक्षात ठेवतं!

लक्षात होतं. वर डोंगरातल्या पाड्यांवरची माणसं माळेकडे बघायची आणि साखर, मीठ घेऊन निघून जायची. एक म्हातारी अक्का आहे, तुमच्या वेळेपासूनची. नातीला घेऊन येते. तिनं पुडी हातात घेतली, दोरा बघितला आणि परत ठेवून दिली. "आते बिस्किटेसमां बी इख टाकतस का रे भाऊ?" मी खो खो हसलो. तिच्यासमोर पुडी फोडून चिक्की खाल्ली, नातीलाही दिली. "दख अक्का, काय बी नई. काया दोरा म्हंजे फुकट." त्यानंतर प्रत्येक बाजाराला मी हेच केलं. पावसाळा सरेपर्यंत पोरं येऊन 'काया दोरावाली' मागू लागली. कंपनीच्या माणसानं माळेचा फोटो काढला, मला भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते तुमच्या फोटोशेजारी लावलं आहे. मी फार खूश होतो.

मग भात घरात आलं आणि उंदीर झाले. गेल्या बाजारी सकाळी मी कित्येक वर्षांनी औषधाच्या बारा पुड्या बांधल्या. तुम्ही बांधायचे तशाच. तोच कागद, तोच दोरा, तीन गाठी. हाताला तेवढंच येतं. गर्दी एवढी होती की तोंडानं काही बोललो नाही. दिवे लागायच्या वेळी एक पुडी उरली होती.

परवा अक्का आली. बाजार नसताना ती कधी येत नाही, म्हणून तिला दारात बघूनच मी हातातलं काम टाकून उठलो. नात बरोबर नव्हती. मी विचारायच्या आत तीच बोलली. दोन्ही पुड्यांना दोरा सारखाच, तिनं एक नातीला दिली आणि एक बिळापाशी ठेवली. "पोरना दात दुखी ऱ्हायंता, म्हनीसन तिनी कोंबड्यासले टाकी दिन्ही. तीन कोंबड्या मरी गयात. चिक्की उंदरंसनी खादी." ती माझ्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर मला सोसलं असतं. गल्ल्यावरच्या माळेकडे बघत ती एवढंच म्हणाली, "तुना बापना येळले हाऊ दोरा दखा म्हंजे पोरं लांब पयेत."

मी तिला म्हटलं, "कंपनीनी चूक शे, अक्का." तिनं मान डोलावली. तिनं विश्वास ठेवला, आबा.

बारातली एक दुकानात उरली, एक अक्काची. दहा पुड्या वर गेल्यात आणि कुठल्या पाड्यावर, कुणाच्या घरात, ते मला ठाऊक नाही. प्रत्येक घरात पोरं आहेत आणि काळा दोरा दिसला की हात पुढे करायचा, हे त्यांना मी शिकवलंय. दोन दिवस झाले, पाड्यांवरून येणारी जीप थांबली की मी बाहेर जाऊन उतरणाऱ्यांचे चेहरे बघतो. विचारत मात्र कुणालाच नाही. पाड्यापाड्यांवर जाऊन सांगायला हवं होतं. सांगितलं तर उद्यापासून दुकानात कोण पाऊल ठेवेल, या भीतीनं मी इथंच बसून राहिलो. तुम्ही तराजू टाकून केव्हाच निघाला असता.

काहीच केलं नाही असं नको, म्हणून सकाळी माळ उतरवली आणि एक पाटी लिहून दारावर टांगली. मोठ्या लाल अक्षरांत, काळ्या दोऱ्याची पुडी पोरांना देऊ नये. अक्षर छान आलंय. पुड्या नेणाऱ्या दहांपैकी एकालाही ती वाचता येणार नाही, हे मला ती लिहितानाच माहीत होतं.