पांढरे व्हायच्या आत

मिनोरी,

कानाझावाला क्लिनिकात चालले आहे. आजीची पेज फ्रिजमध्ये आहे. कोमट कर, खारवलेल्या आंबट उमेबोशीची बी काढून गर त्यात कालव, आणि एक घास गिळल्याशिवाय दुसरा भरवू नकोस. डायपर तुलाच बदलावं लागेल.

काल क्लिनिकचं कार्ड माझ्यापुढे आपटून ओरडलीस, "बाबांना जाऊन वर्षसुद्धा झालं नाही, आणि तू खालचे केस काढायला निघालीस? कोणासाठी गं आई?" पलीकडे आजी जागी होती म्हणून गप्प बसले.

आता ऐक. लेझर केसातला काळा रंग पकडतो आणि त्या उष्णतेने मूळ जाळतो. पांढऱ्या केसात पकडायला काही नसतं. म्हणून माझ्या वयाच्या बायका हे आधीच उरकून घेतात, पुढे अंथरुणाला खिळल्यावर पुसणाऱ्याचे हाल नकोत म्हणून. एका खेपेत भागत नाही, अधूनमधून जात राहावं लागतं. तोवर केस उपटायचे नाहीत, आदल्या दिवशी नुसते वस्तऱ्याने काढायचे. न्हाणीतला वस्तरा, ज्यावरून तू एवढी भडकलीस, तो त्यासाठीच होता.

गेल्या रविवारी आजीला पुसताना केसांत अडकलेली घाण निघता निघेना. तू तोंड फिरवलंस. नंतर जेवलीही नाहीस. मी पाहिलं.

कोणासाठी, विचारत होतीस ना?

माझे थोडे आधीच पांढरे झालेत. ते लेझरला दाद देणार नाहीत म्हणे. तेवढे तू सांभाळून घे.

आई