पोक काढलेला समुद्र

११ एप्रिल

छायाचित्रणाची कला जगातून अस्तंगत झाली आहे! संध्याकाळी समुद्राकाठची भाड्याची घरं पाहत बसलो होतो, संगणकावर, एकामागून एक. एकाही मालकाला क्षितिज सरळ टिपता आलेलं नाही. परमेश्वराने अख्ख्या सृष्टीत एकच रेषा पट्टी लावून काढली, ती या मंडळींनी मधोमध वाकवून ठेवली. समुद्राला पोक! निषेध. त्रिवार निषेध.

अथ गृहशोधनम्. मे महिन्यात चार दिवस समुद्रावर जायचं आहे. जूनमध्ये लेक नोकरीसाठी परगावी जाईल, मग तिघं एका छपराखाली कधी सापडणार कोण जाणे. एरवी घर ही निवडते. यंदा हा अधिकार मी भांडून मिळवला.

"घ्या," ही म्हणाली. "पण या आठवड्यात ठरवा. नाहीतर चांगली घरं जातील, आणि आपण बसस्टँडसमोरच्या लॉजमधून समुद्राची कल्पना करू."

१२ एप्रिल

निळ्या दारांचं घर बाद. व्हरांड्याचा कठडा मधेच आत ओढल्यासारखा दिसतो. मालकीणबाईंना फोन करून अत्यंत सौम्य शब्दांत विचारलं — कठडा गंजून वाकलाय का?

"काका, परवाच बसवलाय! रंग वाळायचाय अजून."

"मग बसवणाऱ्याने जरा —"

"तुम्ही राहायला येताय की तपासणीला?"

फोन ठेवला. त्यांनीच, आधी.

१३ एप्रिल

गच्चीवालं घर. जिन्याच्या पायऱ्या लाटांसारख्या. लेक शेजारी येऊन बसली.

"बाबा, किती मस्त आहे हे! घेऊन टाक ना."

"पायऱ्या बघ."

"बघितल्या. पायऱ्यांसारख्याच आहेत."

या पिढीला काटकोनाची चाड उरलेली नाही, असं मी खेदाने नमूद केलं. लगेच स्वयंपाकघरातून आवाज — "काटकोन माझ्या खात्यात येतो. तिथे ढवळाढवळ नको!" ही शाळेत भूमिती शिकवते. घरातही.

जेवताना ताईचा फोन आला. लेकीने स्पीकर लावून माझी रीतसर चहाडी केली — कठडा, पायऱ्या, क्षितिज, सगळं. ताई इतकी हसली की तिला ठसका लागला.

"अगदी बाबांवर गेलास रे! दारांच्या चौकटी वाकड्या झाल्यात म्हणून त्यांनी सुताराला तीन-तीनदा नव्हतं का बोलावलं? शेवटी तो बिचारा आपल्या गल्लीतून जायचाच बंद झाला!"

सगळे हसले. मीही. ताई ही गोष्ट सांगते फार छान.

१४ एप्रिल

पाणीपुरवठ्याची बातमी देऊन टेबलावरून उठतो तोच उपसंपादकाने हाक मारली. "साहेब, मधली एक ओळ खाल्लीत." गेल्या महिन्यातही खाल्ली होती म्हणे. चोवीस वर्षं वार्ताहर आहे, माझ्या ओळी आजवर इतरांनी खाल्ल्या!

चष्मा पुसला. पुन्हा पुसला.

१५ एप्रिल

आज सामना चिघळला. तिसरं घर — अंगण संपलं की वाळू, दोन हवेशीर खोल्या, बाहेर झोपाळा. मायलेकींना एका नजरेत पसंत. मी क्षितिजाबद्दलचा आक्षेप नोंदवला.

ही उठली. शाळेतली लांब लाकडी पट्टी आणली आणि पडद्यावर समुद्राच्या रेषेला टेकवून धरली.

"बघा. पट्टी आणि समुद्र, मधे केसाची फट नाही. सिद्ध झालं."

इति भूमितिशास्त्रिणी. मी वाकून पाहिलं. जिथे समुद्राला पोक होता, नेमका तिथेच पट्टीलाही होता.

"पट्टी बदला," मी म्हणालो.

लेक खो-खो हसली. हीही हसली, पण थांबली आधी. पट्टी तशीच धरून माझ्याकडे बघत राहिली.

१६ एप्रिल

दाढी करताना उजवा डोळा हाताने झाकला. न्हाणीघरातल्या फरश्यांच्या रेघा मधोमध गोळा झाल्या, कुणी चिमटीत धरल्यासारख्या. डावा झाकला. सगळं सरळ. पुन्हा उजवा झाकला. पुन्हा तेच.

दाढी अर्धीच झाली होती. ती पुरी केली.

दुपारी कचेरीतून फोन करून झोपाळ्याचं घर ठरवून टाकलं. मे नाही, पुढचाच आठवडा. हिच्या शाळेला सुट्टी लागतेच आहे. घरी सांगितलं तर दोघी अवाक.

"कालपर्यंत समुद्र वाकडा होता ना?" लेक म्हणाली.

"मालकांनी दुरुस्त करून घेतला."

लेक सामानाच्या गप्पा मारत आत गेली. ही नाही गेली. "हं," एवढंच म्हणाली. वादात जिंकल्यावर हिने इतकं कमी बोलणं अभूतपूर्व आहे.

निळ्या दारांच्या बाईंनाही फोन केला. कठडा सरळ आहे, माझी चूक झाली, असं सांगितलं. त्या गडबडल्या. "अहो, राहू द्या काका. तुम्ही या की मग!"

१७ एप्रिल

डोळ्यांच्या डॉक्टरांची उद्या सकाळची वेळ मिळाली. हिला सांगितलं. "मी येतेय," ती म्हणाली. टेबलावर पडलेली पट्टी उचलून शाळेच्या पिशवीत ठेवली.

सुतार तीनदा आला होता, हे खरं. चौकटी सरळ आहेत असं दर वेळी सांगून गेला, तेही खरं. ताई तेव्हा लग्न होऊन गेली होती. पुढे बाबांची नजर गेली, हे तिला माहीत आहे. नजर त्या चौकटींच्या वेळेपासूनच जायला लागली होती, हे आम्हा कुणाच्याच ध्यानात आलं नाही. बाबा असेपर्यंत रोज सकाळी त्यांना पेपर मी वाचून दाखवायचो.

मला तसं होण्याची भीती वाटते.