चिपाडाच्या राखेची रांगोळी आणि गोजरबाईंची कामबंदी

प्रति,
मा. प्राचार्य,
भीमातीर अभियांत्रिकी महाविद्यालय, सोलापूर.

विषय : सफाई कामगार श्रीमती गोजरबाई शेंडगे यांना कामावर परत घेणेबाबत.
संदर्भ : भट्टी मिळणेबाबत अर्जदाराचा अर्ज व त्यावरील कार्यालयाचे पत्र.

महोदय,

अर्जदार सिद्धेश्वरी बिराजदार, संशोधक विद्यार्थिनी, सविनय सादर करते की, ती उसाच्या चिपाडाची राख आम्लात धुऊन, भट्टीत तापवून नॅनोसिलिका नावाची अतिसूक्ष्म पांढरी पूड तयार करते. तेलविहिरीत लोखंडी नळीभोवती सिमेंट भरतात. त्याला चीर गेली की वायू वर फुटतो. या पुडीने ते सिमेंट किती बळकट होते, याची चाचणी येत्या सोमवारी पुण्यास ठरली आहे.

गेल्या आठवड्यात तपासणी समिती येणार म्हणून दारात रांगोळी काढण्याचा आदेश निघाला. रांगोळी मात्र कोणी आणून दिली नाही. गोजरबाईंनी प्रयोगशाळेतील या पुडीची बरणी उचलली. बरणीवरील चिठ्ठी इंग्रजीत होती. रांगोळीचा मोर उत्तम उठला. समिती कौतुक करून, छायाचित्रे काढून त्याच मोरावरून आत गेली. उरलेला मोर वाऱ्याने नेला.

अर्जदार फरशी खरवडत असता गोजरबाई शेजारी बसल्या. "लई पांढरी दिसली की, म्हणून घेतली. कामाची हुती व्हय?" सर्व कळल्यावर त्यांनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "राख हाय न्हवं अजून? मी चाळून देते. परत करू." त्याप्रमाणे दोघींनी राख चाळली, अर्जदाराने ती आम्लात धुतली. अडले ते फक्त भट्टीपाशी; ती कार्यालयाच्या परवानगीखेरीज मिळत नाही.

म्हणून अर्जदाराने, पूड रांगोळीत कशी गेली हे कारण लिहून, भट्टी मागितली. उत्तरादाखल 'आपल्या तक्रारीनुसार संबंधित कामगारास कमी करण्यात आले आहे' असे पत्र आले. भट्टीबाबत त्यात अक्षर नाही. अर्जदाराने तक्रार केलेलीच नाही, असे सांगितल्यावर, ती मागे घेण्यासाठी मूळ तक्रारीची प्रत जोडावी, असे लिपिकांनी सुचविले. न केलेल्या तक्रारीची प्रत अर्जदाराने कोठून आणावी?

गोजरबाई रोज फाटकाबाहेर येऊन उभ्या राहतात. काल त्यांनी हाक मारून विचारले, "ताई, तुमी माझ्यावर अर्ज दिला?" तेव्हापासून अर्जदाराचे कशात चित्त नाही. हातून दोन परीक्षानळ्या फुटल्या.

सबब, गोजरबाईंना तातडीने कामावर घ्यावे व भट्टी द्यावी, ही विनंती. दोहोंपैकी एकच मंजूर होण्याजोगे असल्यास भट्टी नाकारावी. सोमवारची चाचणी हुकेल, याची अर्जदारास पूर्ण जाणीव आहे.

आपल्या आदेशाकडे डोळे लावून असलेली नम्र अर्जदार,
सिद्धेश्वरी मडिवाळप्पा बिराजदार
सोलापूर, दि. १४ फेब्रुवारी २०२५

सोबत : कार्यालयाच्या पत्राची प्रत.