अर्ध्या-अर्ध्या गाण्याची जोडी

लोहारा, ४ जानेवारी
सकाळी सगळ्यांची विचारपूस. भाऊ, गुडघा? "हाय तसाच." वहिनींची साखर? गोळ्या चालू. भाची कोमलचा घसा? काढ्यानं मोकळा झाला. शेजारची अश्विनी मात्र विचारलं तर आत पळाली. तिची आई म्हणाली, "आक्का, पोरीला बघायला परंड्याचे पाहुणे येणारेत."
कोमल-अश्विनीचं मी बसवलेलं गाणं आत्ता कुठं मोबाईलवर चाललंय, लग्नात डीजेवाले वाजवतायत...

११ जाने.
ठरलं. पोरगा भला वाटला. सासूबाई म्हणाल्या, "गाणं घरात म्हणावं की. स्टेजवर कशाला?" अश्विनी खाली मान घालून चहाचे कप गोळा करत बसली.
आणि मी फेब्रुवारीअखेर येडशीला स्टेजवर गायला दोघींचा होकार देऊन बसलेय.

१९ जाने.
लातूरला नव्या गाण्याचं रेकॉर्डिंग. तिथले म्हणाले, एकेकीचा आवाज वेगळा घेऊ, मागून जोडू. कोमल आत गेली, अर्ध्या ओळीवर थांबली. परत म्हटलं, परत तिथंच. अश्विनीचंही तेच! मी शिकवलंच तसं. भजनात आम्ही बाया करतो तसं, एकीचा श्वास सरला की दुसरीनं ओळ उचलायची. अख्खं गाणं एकीलाही येत नाही.
"आक्का, ह्या दोघी मिळून एकच बाई हाय!" रेकॉर्डिंगवाले हसले. एका माईकपुढं उभ्या केल्या तेव्हा जमलं. मला काही हसू आलं नाही.

८ फेब्रु.
अश्विनीचं लग्न झालं. गेली.

१५ फेब्रु.
कोमलला एकटीनं गायला बसवलं. ओळीच्या मध्येच थांबते, बाजूला बघते. "ती न्हाय तर मी बी न्हाय, आत्या." रागावले, मग जवळ घेतलं. येडशीला बोर्डावर दोघींचे फोटो लागलेत म्हणे.

१८ फेब्रु.
अश्विनीचा फोन. हळू आवाजात, मागं भांडी वाजत होती. "भाकरी थापताना म्हणते आक्का. माझं अर्धं." मग म्हणाली, काल जावेच्या माहेरी हळदीत आपलं गाणं लागलं, सासूबाई लई नाचल्या. कुणाचं ते त्यांना ठाऊक न्हाय.
दुपारभर घालमेल. सांगावं तर पोरीला बोलणी बसतील, न सांगावं तर... शेवटी सासूबाईंनाच मोबाईलवर लिहिलं, कितीदा खोडून:
"विहीणबाई, काल ज्या गाण्यावर नाचलात ते तुमच्या सुनेचं हाय. अर्धं. उरलेलं अर्धं इथं आमच्या घरात मुकं बसलंय. येडशीला तुम्हीच तिला घेऊन या, पुढची खुर्ची तुमच्यासाठी धरते. रागावलात तर माझ्यावर रागवा, पोरीवर नको. व्हय का न्हाय, काय ते लवकर लिहा."